उसन्या हातांचे सहा अंक

पुणे, रविवार

चि. सोनूस,


तुझं पाकीट मिळालं. पानं एकदा सकाळी पाहिली, जेवणं उरकल्यावर टेबलावर ओळीने मांडून पुन्हा पाहिली. तुझ्या काकूने चष्मा लावून विचारलं, "या सगळ्यांची बोटं अशी चौकोनी का बरं काढलीत हिने?" त्याचं उत्तर पुढे येईल. तुझ्या सरांनी वर्गात सगळ्यांदेखत "ही नक्कल आहे, यात तू कुठे आहेस?" असं म्हटलं, ते तुला चांगलंच झोंबलेलं दिसतंय. जॅक कर्बी या कॉमिक्स-चित्रकाराच्या शैलीत मुद्दाम, उघडपणे, त्याचं नाव घेऊन काढणं ही चोरी का, हा तुझा प्रश्न. कायद्याचं उत्तर सोपं आहे, शैलीवर कोणाचा कॉपीराइट नसतो. पण तू वकिलाला विचारलेलं नाहीस, मला विचारलंयस. म्हणून पत्रासोबत कपाटातले सहा अंक पाठवतोय. आधी पत्र वाच, मग ते उघड.

सरांविषयी एकच बोलतो आणि तो विषय संपवतो. तुमच्या कलेतिहासाच्या तासाला रॉय लिक्टेनस्टाइन असणारच. त्याचं 'इमेज डुप्लिकेटर' नावाचं चित्र आहे, शिरस्त्राणाआडून रोखून बघणारे दोन डोळे. ते डोळे कर्बीने 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकात काढलेल्या मॅग्नेटोचे. अंकही १९६३चा, चित्रही १९६३चं. लिक्टेनस्टाइनने ती चौकट उचलून मोठी केली, छपाईचे ठिपके हाताने रंगवले आणि ती आर्ट गॅलरीत लागली. कर्बीला पानाच्या दराने पैसे मिळाले होते, तेवढ्यावर त्याचा विषय संपला. त्या चित्राला वर्गात कोणी नक्कल म्हणत नाही. हे सरांना ऐकवायला जाऊ नकोस, मार्क त्यांच्या हातात आहेत.

आता अंकांकडे. मालिकेचं नावच '१९६३', पण ती निघाली १९९३ साली, एप्रिल ते ऑक्टोबर, इमेज कॉमिक्सकडून. सहाच अंक. लेखक ॲलन मूर, मुख्य चित्रकार रिक व्हीच आणि स्टीव्ह बिसेट. हे तिघे डीसीच्या 'स्वॉम्प थिंग'पासूनचे एकमेकांचे सोबती. इंकिंगला, म्हणजे पेन्सिलीवर शाई चढवायला, डेव्ह गिबन्स, जॉन टॉटलबेन, डॉन सिम्पसन, एका कथेला चक्क चेस्टर ब्राउन. गिबन्स म्हणजे 'वॉचमेन'चा चित्रकार, हे तुला सांगायला नको. सुपरहिरो कॉमिक्स ज्यांनी ऐंशीच्या दशकात वयात आणलं त्यातली ही माणसं. ती एकत्र येऊन काय करतात, तर तीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त मार्व्हल कॉमिक्सचं हुबेहूब सोंग आणतात. पहिल्या अंकातला 'मिस्टरी इन्कॉर्पोरेटेड' म्हणजे फॅन्टॅस्टिक फोर, दुसऱ्यातला 'फ्युरी' हा स्पायडरमॅन आणि डेअरडेव्हिलच्या मधला कुणीतरी, पाचव्यातला ससाण्याच्या तोंडाचा इजिप्शियन देव 'होरस' म्हणजे थॉर, सहाव्यातलं 'टुमॉरो सिंडिकेट' म्हणजे ॲव्हेंजर्स. बाकीचे तू ओळखशीलच.

हे सोंग कुठे आणलं, तेही बघ. इमेज कंपनी १९९२ साली मार्व्हलवर रुसून बाहेर पडलेल्या सात चित्रकारांनी काढली. टॉड मॅकफार्लेन, जिम ली, रॉब लायफेल्ड वगैरे. आपण काढलेलं पात्र आपल्या मालकीचं, हा त्यांचा बाणा, आणि तो शंभर टक्के बरोबर होता. पण अंक बघावेत तर कागद चकचकीत, रंग संगणकावर भरलेले, नायकांच्या अंगावर खिसेच खिसे आणि प्रत्येकाचे दात आवळलेले. अशा दुकानात या तिघांनी मळकट कागदावर, सपाट रंगांत, जुन्या धाटणीच्या जाहिरातींसकट आपला माल मांडला. फोर्टच्या फुटपाथवर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात मला पहिला अंक दिसला तेव्हा तो खरोखरच साठच्या दशकातला वाटावा, असा त्याचा अवतार होता.

पहिला अंक उघड आणि श्रेयाची चौकट बघ. मूर तिथे 'अफेबल ॲल', बिसेट 'स्टर्डी स्टीव्ह', व्हीच 'रोअरिंग रिक'. ही लाडाची विशेषणं म्हणजे मार्व्हलच्या संपादक-लेखक स्टॅन लीची खासियत. तो सगळ्यांना अशी बिरुदं वाटायचा. त्याच्या अंकांत 'स्टर्डी स्टीव्ह' म्हणजे स्टीव्ह डिटको. स्पायडरमॅन आणि डॉक्टर स्ट्रेंज ज्याने कागदावर उभे केले तो डिटको, जो १९६६ साली मार्व्हलचं काम सोडून गेला आणि पुढे बरीच वर्षं त्याविषयी बोलला नाही. तेच बिरुद १९९३ साली दुसऱ्या स्टीव्हच्या गळ्यात. वाचणारा हसतो. मग लक्षात येतं की ती चौकट हसवता हसवता काहीतरी दाखवते आहे.

काय दाखवते ते समजायला तेव्हाची कामाची पद्धत ठाऊक पाहिजे. 'मार्व्हल मेथड' म्हणतात ती. पूर्ण पटकथा नसायची. ली आणि चित्रकार कथेबद्दल थोडं बोलायचे, कधी दोन ओळींवर भागायचं. मग चित्रकार घरी जाऊन अख्खा अंक काढायचा: कोण कुठून येतो, मारामारी किती पानं चालते, शेवट कुठे होतो, सगळं तो ठरवायचा. पानं परत आली की ली बलूनमध्ये संवाद भरायचा. कर्बी तर पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवायचा, इथे हा असं म्हणतोय, इथे हा घाबरलाय. तरी लेखक म्हणून छापून यायचं ते लीचं नाव. आता सांग, 'फॅन्टॅस्टिक फोर'ची कथा कोणी लिहिली? या एका प्रश्नावर अमेरिकेत पन्नास-साठ वर्षं भांडणं झाली आहेत आणि अजून होतात. इथे मूर वाद घालत बसला नाही, त्याने लीचा आवाज काढून दाखवला. अंकाच्या शेवटी वाचकांची खोटी पत्रं आणि त्यांना 'अफेबल ॲल'ची खोटी उत्तरं आहेत. गोडगोड, अनुप्रासांनी भरलेली, स्वतःची टिमकी वाजवणारी. आम्ही सगळे एक मोठं हसतं-खेळतं कुटुंब आहोत, हा सूर. त्या कुटुंबात पगार कोणाला, हक्क कोणाचे, हे सोडून सगळं त्यात आहे.

म्हणून मी या सहा अंकांना नक्कल म्हणत नाही. गाण्यात कसं असतं, शिष्य गुरूची गायकी उचलतो, आणि खरा भक्त असेल तर त्याचं खाकरणंही उचलतो. इथे या मंडळींनी कर्बीची गायकी उचललीच, शिवाय ज्या बैठकीत तो गायला तिचा फाटका गालिचा, बिदागी बुडवणारा यजमान आणि पहिल्या रांगेत बसून माना डोलावणारे श्रोते, असं सगळं उचललं. शैली एकटी येत नसते. ती ज्या घाईतून, दरातून, कागदातून जन्मते ते तिच्या बरोबर येतं. तुझ्या पानांत मला नेमकं हेच कमी वाटलं, आणि सरांना जे खटकलं पण नीट सांगता आलं नाही तेही बहुतेक हेच असावं.

आता काकूने विचारलेल्या चौकोनी बोटांकडे. जेकब कुर्ट्झबर्ग, म्हणजे आपला कर्बी, १९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला, गरीब ज्यू घरात जन्मला. पानाच्या दरावर जगणारा माणूस, बायको-पोरं सांभाळणारा. साठच्या दशकाच्या ऐन भरात तो वर्षाला हजाराच्या आसपास पानं काढत होता. भागून बघ, रोजची तीन पानं पडतात, रविवारसुद्धा न सोडता. 'फॅन्टॅस्टिक फोर'चे पहिले १०२ अंक त्याने सलग काढले. आधी कच्चं रेखाटन, मग पक्कं, असले चोचले नव्हते. पेन्सिल थेट कागदावर. अशा वेगात माणूस बोटाचं प्रत्येक पेर निरखत बसत नाही. त्याला हाताचं असं रूप सापडतं जे झटकन काढता येईल, लांबून वाचता येईल आणि ज्यात ताकद दिसेल. म्हणून ती चौकोनी बोटं. म्हणून दंडावरच्या त्या नागमोडी चकाकत्या रेघा, ज्या शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत. म्हणून वाचकाच्या नाकापर्यंत येणारी मूठ आणि तिच्या मागे एवढंसं धड.

आणि ते ठिपके, ज्यांच्यावर तू सगळ्यात जास्त जीव टाकलायस. काळ्या गोळ्यांचे पुंजके, ऊर्जेभोवती फेसासारखे उसळणारे, ज्यांना चाहते 'कर्बी क्रॅकल' म्हणतात. साठच्या दशकाच्या मध्यावर ते पक्के झाले, 'फॅन्टॅस्टिक फोर'मध्ये सिल्व्हर सर्फर आणि गॅलॅक्टस आले त्या सुमारास. त्यातली गंमत सांगतो. कर्बी स्वतःच्या पेन्सिलीवर क्वचितच इंकिंग करायचा. ते काम दुसऱ्यांकडे. जो सिनॉटने केलं की ते गोळे गुळगुळीत, टपोरे व्हायचे, धातू आरशासारखा चमकायचा. व्हिन्स कोलेटाने केलं की बारीक केसाळ रेघा यायच्या, आणि वेळ कमी असला की मागची माणसं, इमारती तो सरळ खोडून टाकायचा. म्हणजे आपण ज्याला कर्बीची रेघ म्हणतो ती बऱ्याचदा सिनॉटची रेघ आहे, कर्बीच्या रचनेवर चढवलेली. तू पान चारवर जे काढलंस ते सिनॉटचं आहे, आणि पान नऊवर जी फिसकटलेली रेघ आहे ती नकळत कोलेटाची झाली आहे. व्हीचने पहिल्या अंकात पेन्सिल केली आणि वर गिबन्सने इंकिंग केलं. गिबन्सचा हात फार स्वच्छ, त्यामुळे तिथला कर्बी इस्त्री केलेला वाटतो. मला पाचवा अंक जास्त आवडतो. त्यात व्हीचच्या पेन्सिलीवर टॉटलबेनची शाई आहे, आणि तिच्यात वजन आहे.

एक तक्रार मात्र व्हीचबद्दल आहेच. कर्बीची माणसं कधी उभी राहत नाहीत. नुसतं बोलत असली तरी एक पाय पुढे, खांदा वळलेला, आता काहीतरी फुटणार अशी. व्हीचची माणसं मधूनच उभी राहतात. ते बघितलं की कळतं, हात चौकोनी करणं दोन दिवसांत जमतं, ही अस्वस्थता जमत नाही. तुझ्या पानांतही मुलगी गच्चीवर उभी आहे ती नुसतीच उभी आहे. तिला कुठेतरी निघालेली दाखव.

बिसेटचं काम वेगळं. त्याच्याकडे डिटको आला. डिटकोची लहान लहान सारख्या मापाची पॅनेलं, खांदे पाडून चालणारी सडपातळ माणसं, आणि हात. डिटकोचे हात बघ एकदा, बोटं अशी वळलेली की नृत्यातली मुद्रा वाटावी. बिसेट मुळात भयकथांचा माणूस, दलदली आणि कुजलेली पानं काढणारा, त्यामुळे डिटकोच्या कोरड्या नीटसपणात त्याचा ओलावा झिरपत राहतो. तिसऱ्या अंकातली 'हायपरनॉट'ची कथा त्याची, इंकिंग चेस्टर ब्राउनचं. एक चार मितींचा प्राणी आपल्या तीन मितींच्या जगात घुसतो. आपल्याला तो पूर्ण दिसूच शकत नाही. हवेत नुसते मांसाचे सुटे गोळे दिसतात, लहान-मोठे होणारे, कारण तेवढेच त्याचे भाग आपल्या जगाला छेदून जात असतात. हे काही साठच्या दशकातल्या मार्व्हलमध्ये छापून आलं नसतं. पण डिटकोला ते नक्की काढता आलं असतं, असं वाटतं. मला विचारशील तर सहा अंकांतली ही सगळ्यात अस्सल आदरांजली. यात डिटकोचं एकही चित्र गिरवलेलं नाही, त्याला कधी न मिळालेली कथा त्याच्या हाताला दिली आहे.

सगळंच उत्तम आहे असं मात्र म्हणणार नाही. सहा अंक तोच विनोद चालतो आणि चौथ्यापर्यंत त्याची सवय होते. बायकांच्या पात्रांची जुन्या मार्व्हलमध्ये जी गत होती तिची टिंगल करता करता मूर कधी कधी तीच गत करतो. आणि स्टॅन लीवरचा राग पत्रांच्या पानांवर जरा जास्तच सांडतो. लीने श्रेय लाटलं, हे धरून चालू. पण मूर ज्या आवाजात ती टिंगल करतो तो आवाज लीनेच घडवलेला आहे. वाचकाच्या खांद्यावर हात टाकून बोलणारा तो सूर नसता तर चाळीस पैशांच्या योग्यतेच्या त्या कागदावर पोरं एवढी का खुळावली असती? कर्बीने लीशिवाय काढलेले 'न्यू गॉड्स'सारखे अंक मी फार मानतो, पण त्यातले संवाद वाचताना लीची आठवण येते, हे तुला खाजगीत सांगायला हरकत नाही.

आता मालिका अल्पायुषी का ठरली ते. सहाव्या अंकाच्या शेवटी १९६३ सालचे हे भाबडे, सरळमार्गी नायक वेगवेगळ्या जगांतून प्रवास करत १९९३ सालच्या इमेजच्या जगात येऊन पोचतात. तिथेच अंक संपतो. पुढे ८० पानांचा विशेषांक येणार होता, जुने नायक आणि नवे दात आवळलेले नायक समोरासमोर. चित्रं जिम ली आणि इमेजची मंडळी काढणार होती. सगळा डाव त्या विशेषांकासाठी मांडलेला होता. तीस वर्षांत सुपरहिरोंचं काय झालं, आपणच ते कसं केलं, याचा हिशेब तिथे व्हायचा होता. मूरची स्वतःचीही उलटतपासणी झाली असती, कारण नायकांना काळवंडून टाकण्यात 'वॉचमेन'चा हात कोणाहून कमी नव्हता. जिम लीने कामातून रजा घेतली, इमेजच्या भागीदारांत कुरबुरी सुरू झाल्या, आणि विशेषांक कधीच निघाला नाही. आजवर नाही.

त्याहून वाईट पुढे झालं. पहिल्या अंकाची विक्री दणक्यात झाली होती, तिघांना बरे पैसे मिळाले. बिसेटने स्वतःच्या खर्चाने 'टायरंट' काढलं, एका टायरॅनोसॉरसचं चरित्र, त्याचेही चारच अंक झाले. व्हीचने स्वतःच्या स्वप्नांवर कॉमिक्स काढली. मग नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बिसेटची एक मुलाखत छापून आली, मूरला ती लागली, आणि त्याने जुन्या मित्राशी बोलणं टाकलं. तिघांनी पात्रांची वाटणी केली. फ्युरी, एन-मॅन, हायपरनॉट बिसेटकडे, उरलेली दुसऱ्या दोघांकडे. मधे एकदा सगळे अंक एकत्र छापायचं घाटत होतं, तेही मूरच्या नकारावर फिसकटलं. त्यामुळे या मालिकेचं आजही पुस्तक नाही. मूळ अंक मिळतात तेवढेच, आणि त्या काळी भरपूर छापल्यामुळे ते परदेशात जुन्या मालाच्या खोक्यांत अगदी स्वस्तात पडलेले असतात.

मालकीच्या भांडणाची थट्टा करणारं कॉमिक मालकीच्या भांडणातच अडकलं, यावर हसणारे खूप आहेत. मी हसत नाही. या तिघांच्या भांडणात निदान प्रत्येकाच्या हाती काहीतरी उरलं. कर्बीच्या हाती काय आलं ते ऐक. ऐंशीच्या दशकात मार्व्हल चित्रकारांना जुनी मूळ पानं परत करू लागली. बाकीच्यांना छोट्या कागदावर सही मागितली, कर्बीसमोर चार पानी करार ठेवला, ज्यात त्याने जवळपास सगळ्यावर पाणी सोडायचं होतं. आणि त्या बदल्यात यादीत होती ८८ पानं. हजारो पानं काढलेल्या माणसाला ८८. चित्रकार, लेखक, वाचक सगळ्यांनी गलका केला, तेव्हा १९८७ साली सुमारे दोन हजार पानं परत मिळाली. बाकीची चोरीला गेली, विकली गेली, वाटली गेली. पात्रांच्या हक्कांसाठी वारसांनी केलेला दावा पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला आणि २०१४ साली कोर्टाबाहेर मिटला. त्यानंतर मार्व्हलच्या सिनेमांत आणि अंकांत त्याचं नाव ठळक दिसायला लागलं. तोवर कर्बी जाऊन वीस वर्षं झाली होती. तो ६ फेब्रुवारी १९९४ला गेला, '१९६३'चा शेवटचा अंक निघून चारेक महिने होत होते. आपल्याकडे तरी काय वेगळं? कॉमिक्समधला नागराज पोरापोरांना ठाऊक आहे. त्याचा पहिला अंक पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढला, अमिताभला सुपरहिरो केलेला 'सुप्रीमो'ही त्यांचाच, हे तुझ्या कॉलेजात विचारून बघ कितीजण सांगतात.

मूरचं कर्बीविषयीचं म्हणणं मात्र त्या न निघालेल्या विशेषांकाबरोबर संपलं नाही. सात वर्षांनी, २००० साली, 'सुप्रीम: द रिटर्न'च्या सहाव्या अंकात नायक एका अशा प्रदेशात जाऊन पोचतो जिथे सगळं कर्बीच्या हातचं आहे: राक्षसी यंत्रं, देव, सैनिक, गल्लीतली पोरं. आणि त्या सगळ्याचा कर्ता तिथे एका प्रचंड डोक्याच्या रूपात राहतो, तोंडात सिगार. शरीर गेलं, आता निव्वळ कल्पना उरली, हातांनी काढायचे कष्ट नाहीत, म्हणून खुशीत. कर्बीच्या धाटणीची ती पानं पुन्हा व्हीचनेच काढली आहेत, आणि या वेळी त्याची माणसं उभी राहिलेली नाहीत. त्यात स्टॅन ली नाही, टोमणा नाही, जुना हिशेब नाही. तोही त्या मालिकेचा शेवटचा अंक ठरला. माझ्याकडची प्रत फार जीर्ण आहे, ती पाठवत नाही. दिवाळीला आलीस की दाखवतो.

म्हणून तुझ्या पानांविषयी सांगतो. ती टाकू नकोस आणि सरांना घाबरून शैली बदलू नकोस. पण सध्या तू कर्बीच्या कामाच्या फळाची नक्कल केली आहेस, त्याच्या काम करण्याच्या रीतीची नाही. एकेक ठिपका तू भिंग लावून गोल केलायस, असं दिसतं. एका पानाला आठवडा घेतला असशील. कर्बी आठवड्यात अंक संपवत आणायचा. तेव्हा पुढचा प्रयोग असा कर: माझ्याकडून गोष्ट घे दोन ओळींत, तशीच जशी ली द्यायचा. कच्चं रेखाटन न करता सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक अशी पानं काढ. समासात संवादाच्या सूचना लिही. पेन्सिल झाली की इंकिंग स्वतः करू नकोस, तुझ्या त्या वसतिगृहातल्या मैत्रिणीला दे, जिचा ब्रश चांगला आहे म्हणतेस. ती काही खोडून टाकेल. तुला राग येईल. येऊ दे. मग पानं मला पाठव, संवाद मी भरतो, आणि श्रेयाच्या चौकटीत काय लिहायचं यावर आपण तिघं बसून भांडू.

गोष्ट ही घे: मुठा नदीच्या पात्रात बांधकामाचा खड्डा खणताना एक धातूचं दार सापडतं, आणि ते आतून कोणीतरी ठोठावतंय. नायिकेची नोकरी पाटबंधारे खात्यात, कनिष्ठ अभियंता. पुढचं तू ठरव.

अंकांची पानं पिवळी पडली आहेत, ओल्या हाताने उलटू नकोस आणि मेसच्या टेबलावर तर मुळीच ठेवू नकोस. तिसऱ्या अंकाची पिन सैल आहे. काकूने वेगळ्या पुडीत मेतकूट दिलं आहे, ते अंकांपासून लांब ठेव.

तुझा,
काका